टेस्ट ट्यूबमधल्या गढूळ पाण्यापासून सुरू कर

पत्र :

मॅडम, मी आरमोरी तालुक्यातल्या एका खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीपासून सगळं इंग्रजीत. बी.एस्सी. झाली, विषय बॉटनी, झूलॉजी, केमिस्ट्री. त्यानंतर घरच्या अडचणीनं शिक्षण थांबलं. आता वडसाच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मदतनीस आहे, सिकलसेलच्या टेस्ट मीच लावते. मार्चमध्ये एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा द्यायची आहे. सेल बायॉलॉजी आणि मॉलिक्युलर बायॉलॉजी पहिल्या पानापासून वाचून राहिली. वाचताना सगळं येते असं वाटते, पुस्तक मिटलं की काहीच सांगता येत नाही. मायटोकाँड्रिया, गॉल्जी, ट्रान्स्क्रिप्शन, सगळं सुटं सुटं आहे. धान निघाले की रात्रीचा वेळ मिळेल. कुठून सुरू करू, काय सोडू? घरचे म्हणतात, डिग्री तर झाली, आता पुन्हा काय वाचतेस. माझा चुलतभाऊ एसएस आहे, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा जीन त्याला आईवडील दोघांकडून आला, म्हणून हा विषय मला सोडवत नाही.

उत्तर :

बेटा, तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तू जाता जाता लिहून गेलीस : सिकलसेलच्या टेस्ट मीच लावते. पहिल्या पानापासून वाचणं आजच थांबव. ती टेस्ट घे आणि ‘असं का होतं’ हे विचारत एकेक पायरी आत जा. प्रत्येक पायरीला पुस्तकातलं कुठलं तरी प्रकरण उघडावं लागेल. तेवढ्या उत्तरापुरतं ते उघडायचं, समजून घ्यायचं, मिटायचं आणि कोऱ्या कागदावर आपल्या शब्दांत लिहायचं.

वाचताना येतं आणि मिटल्यावर जातं, याचं कारण तुझी बुद्धी नव्हे. पुन्हा पुन्हा वाचलं की मजकूर ओळखीचा होतो, आणि ओळखीचा वाटतो म्हणून येतो असं वाटतं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी हे विद्यार्थ्यांवर तपासून पाहिलं. काहींनी उतारा परत परत वाचला, काहींनी वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. तुझी परीक्षा पाच मिनिटांनी नाही, मार्चमध्ये आहे. म्हणून रोजच्या वेळातला निम्मा वेळ पुस्तक मिटलेलं असलं पाहिजे. आठवताना त्रास होईल, अडेल, चिडचिड होईल. तो त्रास म्हणजेच अभ्यास चाललेला आहे.

आणि सुटं सुटं का वाटतं? कापलेल्या धानाच्या कडपा बांधीत पसरलेल्या असतात, भारे बांधल्याशिवाय त्यांचं पुंजणं रचता येत नाही. तुझ्याकडे कडपा भरपूर आहेत, बांधायचं राहिलं आहे. त्यासाठी मी हिमोग्लोबिन निवडलं, कारण ते रोज तुझ्या हाताखालून जातं.

तर ट्यूब हातात घे. सोल्युबिलिटी टेस्टच्या द्रावणात सॅपोनिन असतं. ते लाल पेशीचं पटल फोडतं. कसं फोडतं, या प्रश्नासाठी मेंब्रेनचं प्रकरण उघड. फॉस्फोलिपिडचा दुहेरी थर, त्यात कोलेस्टेरॉल, त्यात रुतलेली आणि थरातल्या थरात सरकणारी प्रथिनं : सिंगर आणि निकोल्सन यांचं १९७२ चं फ्लुइड मोझॅक मॉडेल ते हेच. सॅपोनिन कोलेस्टेरॉलला धरतं, पटलाला छिद्रं पडतात आणि हिमोग्लोबिन बाहेर येतं. द्रावणातलं दुसरं रसायन, सोडियम डायथायोनाइट, ऑक्सिजन काढून घेतं. ऑक्सिजन गेला की सिकलसेलमधलं हिमोग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिन एस, विरघळलेलं राहत नाही. ट्यूब गढूळ होते, ट्यूबमागे धरलेल्या कागदावरच्या रेषा दिसेनाशा होतात. नेहमीचं हिमोग्लोबिन ए मात्र ऑक्सिजन गेला तरी विरघळलेलंच राहतं.

का? इथे प्रथिनाचं प्रकरण लागतं. हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. अल्फात १४१ अमिनो ॲसिड, बीटात १४६. बीटाच्या सहाव्या जागेवर नेहमी ग्लुटामिक ॲसिड असतं. त्यावर ऋण प्रभार असतो, त्याला पाणी जवळचं. सिकलसेलमध्ये त्या जागी व्हॅलिन येतं. त्यावर प्रभार नाही आणि ते पाण्यापासून लपू पाहतं. ही सहावी जागा रेणूच्या बाहेरच्या अंगाला आहे, म्हणून लपायला जागा नाही. ऑक्सिजन सुटला की हिमोग्लोबिनचा आकार बदलतो आणि शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवर पाणी टाळणारी एक खोबण मोकळी होते. व्हॅलिन तिथे जाऊन बसतं. रेणूला रेणू जोडला जातो, लांब ताठ तंतू तयार होतात. एका लाल पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. एवढ्या दाटीत तंतू झाले की पेशी वाकून विळ्यासारखी होणारच. प्रथिनाच्या रचनेचे चार स्तर, प्राथमिक ते चतुर्थक, तू पाठ केले असशील. इथे पहिल्या स्तरावरचा एक बदल थेट चौथ्याच्या पलीकडे जाऊन पेशीचा आकार बदलतो. एवढं एका कागदावर न बघता लिहिता आलं की ते चार स्तर कायमचे तुझे झाले.

सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली की तुमच्याकडून नमुना इलेक्ट्रोफोरेसिसला किंवा एचपीएलसीला, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या तपासणीला, जात असेल, कारण गढूळपणावरून एएस (जीनची एकच प्रत एसची) की एसएस (दोन्ही एसच्या) ते कळत नाही. इलेक्ट्रोफोरेसिस कुठे बघायला मिळत असेल तर लॅबच्या सरांना विचारून एकदा उभी राहून बघ. अल्कलाइन बफरमध्ये हिमोग्लोबिनवर ऋण प्रभार असतो, ते धन टोकाकडे सरकतं. एस मागे राहतं. ग्लुटामिक ॲसिड गेलं म्हणजे प्रत्येक बीटा साखळीमागे एक ऋण प्रभार गेला, रेणूमागे दोन. ओढ कमी, म्हणून चाल कमी. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये हाच फरक पाहून सिकलसेलला ‘रेणूचा आजार’ म्हटलं. नेमकं काय बदललं ते १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅमनी दाखवलं. जेनेटिक कोडचा तक्ता तेव्हा अजून कुणाकडेच नव्हता. तो १९६६ पर्यंत पुरा झाला, आणि त्यात हरगोविंद खोराना यांचा मोठा वाटा होता. त्यांचं बालपण पंजाबातल्या जेमतेम शंभर वस्तीच्या खेड्यात गेलं, पहिले धडे झाडाखाली भरणाऱ्या शाळेत झाले. हे तुला मुद्दाम सांगते आहे.

आता या अभ्यासातला सगळ्यात भारी भाग. वही आडवी धर आणि बीटा ग्लोबिन जीनच्या सुरुवातीची ही अक्षरं मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लाव :

एटीजी – जीटीजी – सीएटी – सीटीजी – एसीटी – सीसीटी – जीएजी – जीएजी – एएजी – टीसीटी

ही डीएनएची कोडिंग साखळी आहे. तिच्याखाली टेम्प्लेट साखळी स्वतः लिही : ए समोर टी, जी समोर सी. त्या टेम्प्लेटवरून एमआरएनए लिही, टी ऐवजी यू. मग पुस्तकातला कोडॉन तक्ता घेऊन अमिनो ॲसिड वाच. मेथिओनिन, व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक, ग्लुटामिक, लायसिन, सेरिन असं आलं पाहिजे. मोजलंस तर पहिलं ग्लुटामिक सातवं येईल. मग सगळे सहावं का म्हणतात? कारण सुरुवातीचं मेथिओनिन साखळी बनत असतानाच कापून टाकलं जातं. ट्रान्स्लेशन कुठून सुरू होतं आणि नंतर प्रथिनावर काय होतं, हे दोन्ही या एका मोजणीत येऊन गेलं.

आता पहिल्या जीएजीमधल्या ए च्या जागी टी लिही. जीटीजी झालं. टेम्प्लेटवर सीटीसीचं सीएसी झालं, एमआरएनएवर जीयूजी. तक्त्यात बघ : व्हॅलिन. तुझ्या चुलतभावाच्या दोन्ही प्रतींमध्ये बदललेलं अक्षर हेच.

त्याच जीएजीवर आणखी हात चालव. शेवटचं जी काढून ए लिही, जीएए. अमिनो ॲसिड बदललं का? नाही, दोन्ही ग्लुटामिकचेच कोडॉन. हे सायलेंट म्युटेशन. पहिलं जी काढून ए लिही, एएजी. लायसिन आलं. हे खरोखर माणसांत सापडतं, त्याला हिमोग्लोबिन सी म्हणतात. पहिल्या जी ऐवजी टी लिही, टीएजी. स्टॉप, साखळी तिथेच तुटली. आणि आता मधलं ए नुसतं खोडून टाक, जागी काहीच लिहू नकोस. पुढची सगळी अक्षरं एक घर मागे सरकतील : जीजीजी, एजीए, एजीटी. ग्लायसिन, आर्जिनिन, सेरिन, पुढे सगळंच चुकत जाणार. हे फ्रेमशिफ्ट, आणि नेमकं हेच अक्षर गळाल्यानं होणारा बीटा थॅलेसेमिया माहीत आहे. मिसेन्स, नॉनसेन्स, सायलेंट, फ्रेमशिफ्ट असे चार प्रकार तू व्याख्या म्हणून पाठ केलेस, ते एका कोडॉनवर पेन्सिलनं करून बघितलेस की व्याख्या लागत नाही.

ही ओळ भिंतीवरून काढू नकोस, अजून एक काम आहे तिचं. सीसीटीजीएजीजी हा तुकडा गोल करून ठेव. एमएसटी-२ नावाचं रिस्ट्रिक्शन एन्झाइम ‘सीसीटी, मग कोणतंही एक अक्षर, मग एजीजी’ एवढं ओळखून डीएनए तिथे कापतं. सिकलसेलच्या जीनमध्ये तो तुकडा सीसीटीजीटीजीजी होतो आणि एन्झाइमला ओळखू येत नाही. कापलं जात नाही, म्हणून जेलवर मोठा तुकडा दिसतो. एएस व्यक्तीत काय दिसेल? उत्तर लिहिण्याआधी विचार कर : तिच्याकडे जीनच्या दोन प्रती आहेत, एक कापली जाणारी आणि एक न कापली जाणारी. प्रवेश परीक्षेत जेलचं चित्र देऊन असलेच प्रश्न विचारतात. रिस्ट्रिक्शन एन्झाइम, पीसीआर, जेल ही तंत्रं वेगळं प्रकरण म्हणून वाचण्यापेक्षा या सात अक्षरांना धरून वाच. कापायला आधी पुरेसा डीएनए लागतो, तो त्याच्या प्रती वाढवणारा पीसीआर देतो. पीसीआर समजायला रेप्लिकेशन, म्हणजे डीएनएची नक्कल, लागतं : प्रायमर का हवा, पॉलिमरेज पाच ते तीन याच दिशेनं का जातं. मेसेल्सन आणि स्टाल यांचा १९५८ चा नायट्रोजनचा प्रयोग तिथेच वाचून घे.

मग ऑर्गनेल्स. विद्यार्थी हे प्रकरण यादी म्हणून पाठ करतात आणि तिथेच कंटाळतात. तू उलटं विचार : पुऱ्या वाढलेल्या लाल पेशीत काय काय नसतं? केंद्रक नाही, मायटोकाँड्रिया नाहीत, रायबोझोम नाहीत, ईआर (एंडोप्लाझमिक रेटिक्युलम) नाही, गॉल्जी नाही. मग एकेक नसण्याचा परिणाम लिही. केंद्रक नाही म्हणजे नवीन एमआरएनए नाही. रायबोझोम नाहीत म्हणजे बिघडलेल्या प्रथिनाच्या जागी नवं करता येत नाही. म्हणून नेहमीची लाल पेशी सुमारे १२० दिवसांत संपते, सिकलसेलमधली तर १० ते २० दिवसांतच. ती जागा भरून काढायला अस्थिमज्जा धावत राहते तरी हिमोग्लोबिन कमीच पडतं, आणि फुटलेल्या पेशींच्या हीमपासून बनणाऱ्या बिलिरुबिननं डोळे पिवळे दिसतात. मायटोकाँड्रिया नाहीत म्हणजे पेशी वाहून नेत असलेला ऑक्सिजन स्वतः खात नाही. तिचं सगळं ग्लायकोलिसिसवर चालतं, एका ग्लुकोजमागे निव्वळ दोन एटीपी. त्यातले काही सोडियम-पोटॅशियम पंपाला लागतात, तीन सोडियम बाहेर आणि दोन पोटॅशियम आत.

हिमोग्लोबिन बनलं कुठे मग? अस्थिमज्जेत, पेशी लहान असताना, हे सगळं तिच्याकडे होतं तेव्हा. बीटाचा जीन अकराव्या गुणसूत्रावर, अल्फाचा सोळाव्यावर. बीटाच्या जीनमध्ये तीन एक्झॉन आणि मधे दोन इन्ट्रॉन. केंद्रकात प्रतिलेखन झालं, इन्ट्रॉन कापून काढले गेले, एमआरएनए बाहेर आला, सायटोप्लाझममधल्या मोकळ्या रायबोझोमवर साखळी बनली. मोकळ्या का? कारण हिमोग्लोबिन पेशीतच राहायचं आहे, बाहेर पाठवायचं नाही. ईआर आणि गॉल्जीची वाट त्याला लागतच नाही. हीमचं तसं नाही, त्याची पहिली आणि शेवटची पायरी मायटोकाँड्रियात होते, मधल्या काही बाहेर सायटोप्लाझममध्ये. हा सगळा प्रवास बाण काढत एका पानावर काढ आणि दर चार दिवसांनी न बघता पुन्हा काढ.

पटलाकडे परत एकदा यायचं आहे, कारण हे तुझ्या घरी उपयोगाचं आहे. वाकलेल्या पेशीच्या पटलातून पोटॅशियम गळतं, त्याच्यामागे पाणी जातं. पेशी आटते, आतलं हिमोग्लोबिन एस आणखी दाट होतं, आणि जितकं दाट तितके तंतू लवकर बनतात. म्हणून डॉक्टर सांगतात, भरपूर पाणी पी, उन्हात राबू नकोस, थंडीत गारठू नकोस. ऑस्मोसिसची व्याख्या लिहिताना तुझ्या भावाची पाण्याची बाटली आठवली तरी चालेल. त्याला ती भरून दे आणि का प्यायचं ते त्यालाही समजाव. समजावताना जिथे अडशील तिथलं प्रकरण कच्चं आहे.

मायोसिसबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण आपल्या भागात ते पुस्तकापुरतं नाही. आई एएस, वडील एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता चारात एक, एएस असण्याची चारात दोन, एए असण्याची चारात एक. गावात हे पुष्कळदा असं ऐकू येतं : चार मुलं झाली तर एकाला होणार, पहिल्याला झालंय म्हणजे बाकीची सुटली. तसं नाही. प्रत्येक वेळी अंडपेशी आणि शुक्रपेशी नव्यानं बनतात, प्रत्येकीत दोन प्रतींपैकी कुठलीतरी एक जाते. आधीच्या बाळाला कुठली मिळाली हे पुढच्या बाळाच्या पेशींना ठाऊक नसतं. मायोसिसची चित्रं काढताना अकराव्या गुणसूत्राच्या जोडीला दोन रंग दे, एका प्रतीवर ए लिही, दुसरीवर एस, आणि ॲनाफेज एकमध्ये त्या वेगळ्या होताना काढ. मेंडेलचा पहिला नियम डोळ्यांसमोर घडताना दिसेल. मग हेच चित्र घेऊन तुझ्या काकूंजवळ बस. काकू-काकांनी मनात काय काय धरून ठेवलं असेल, कुणाचं रक्त वाईट म्हणून एकमेकांना काय बोलले असतील, कुणास ठाऊक. यात दोष कुणाचा नाही, हे शेजारणीनं सांगण्यापेक्षा शिकलेल्या पुतणीनं कागदावर काढून दाखवलं तर मनाला पोचतं.

आणि एएस म्हणजे आजारी नव्हे, हेही ठासून सांग. वाहक मुलीची सोयरीक केवळ रिपोर्ट पाहून मोडते, मुलाकडच्यांची स्वतःची तपासणी मात्र झालेलीच नसते. मला याचा मनापासून राग येतो. दोघांची तपासणी लग्नाआधी व्हावी, दोघांनाही अर्थ समजावा. एस जीन आपल्याकडे टिकला त्याचं कारणही शिकून घे : एएस असलेल्यांना फाल्सिपेरम मलेरियाच्या गंभीर आजारापासून बरंच संरक्षण मिळतं. ॲलिसन यांनी १९५४ मध्ये हे आफ्रिकेत दाखवलं. आपल्या गडचिरोलीत मलेरिया किती, ते तुला मी सांगायला नको.

जीन रेग्युलेशनसाठीही लांब जाऊ नकोस. एसएस बाळ पहिले काही महिने ठीक असतं आणि तान्ह्या बाळाची सोल्युबिलिटी टेस्ट भरवशाची नसते. दोन्हीचं उत्तर एक : पोटात असताना बीटाऐवजी गॅमा साखळी बनत असते, ते हिमोग्लोबिन एफ. जन्मानंतर गॅमाचा जीन हळूहळू दबतो, बीटाचा वाढतो. डीएनए तोच, कुठला जीन कधी वाचायचा ते बदललं. हायड्रॉक्सियुरिया ही गोळी एफ वाढवते. गॅमाला दाबणाऱ्या प्रथिनांपैकी एक मुख्य म्हणजे बीसीएल-११ए. रक्त बनवणाऱ्या पेशींमध्ये त्याच्या जीनची कळ क्रिस्परनं, म्हणजे डीएनए हव्या त्या जागी कापणाऱ्या तंत्रानं, बंद करायची, या उपचाराला ब्रिटन आणि अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. परीक्षेला क्रिस्पर हमखास येतं, या गोष्टीसकट लक्षात ठेव.

हिमोग्लोबिनच्या वाटेत जे येत नाही ते थोडं आहे. ईआर-गॉल्जीसाठी इन्सुलिन घे आणि रायबोझोमपासून पेशीबाहेर पडेपर्यंत त्याचा प्रवास काढ. बॅक्टेरियातल्या रेग्युलेशनसाठी लॅक ऑपेरॉन, जेकब आणि मोनो, १९६१. लॅक्टोज आहे-नाही, ग्लुकोज आहे-नाही, अशा चार स्थितींत काय होतं ते न बघता सांगता आलं की पुरे. फोटोसिंथेसिस आणि मायटोकाँड्रियातली एटीपीची निर्मिती एकाच दिवशी शेजारी शेजारी वाच : दोन्हीकडे इलेक्ट्रॉन वाहतात, पटलाच्या एका बाजूला प्रोटॉन साठतात, आणि ते एटीपी सिंथेजमधून परत येताना एटीपी बनतो. पीटर मिशेल यांनी १९६१ मध्ये हे मांडलं, एक कल्पना नीट समजली की दोन प्रकरणं सुटतात. सेल सायकलचे चेकपॉइंट्स वेगळे करावे लागतील.

सोडायचं काय विचारलंस. क्रेब्स सायकलच्या प्रत्येक एन्झाइमचं नाव रात्र रात्र घोकू नकोस. आत काय गेलं, बाहेर काय आलं, कुठे घडलं आणि कुठल्या पायरीवर नियंत्रण आहे, एवढं पक्कं कर. शास्त्रज्ञांच्या जन्मतारखा, सूक्ष्मदर्शकाचा सगळा इतिहास, हे शेवटी वेळ उरला तर. मोबाईलवरचे व्हिडिओ हालचाल बघायला चांगले, रायबोझोम एमआरएनएवर कसा सरकतो ते एकदा बघावंच. पण व्हिडिओ बघणं हेही वाचण्यासारखंच, संपला की फोन उलटा ठेव आणि कागदावर लिही.

इंग्रजीचं भय घेऊ नकोस. विचार मराठीत लिही, संज्ञा मात्र पेपरात येते तीच लिही, दोन्ही एकाच वाक्यात चालतात. कुठे मूळच अडलं तर तुझं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक काढ. प्रतिलेखन, भाषांतरण त्यात साध्या मराठीत आहे, ते वाचण्यात कमीपणा नाही.

धान चुरून झाले की जानेवारी अखेरपर्यंत हे कागद. काढलेला प्रत्येक कागद दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग दहा दिवसांनी पुन्हा न बघता काढायचा. फेब्रुवारीत मागच्या वर्षांचे पेपर, घड्याळ लावून. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नाजवळ कुठला कागद कच्चा निघाला ते लिहून ठेव. गावात नाटक असलं तर जा, झाडीपट्टीत राहून हिवाळ्यात नाटक चुकवायचं म्हणजे काय! फक्त दुसऱ्या दिवशी झोप पुरी कर, जागरणानं आदल्या दिवशीचा अभ्यासही कच्चा राहतो.

घरच्यांना वाद घालून पटणार नाही. एक दिवस बाबांना बसवून भिंतीवरची ती ओळ समजावून सांग, एका अक्षरानं पुतण्याला काय झालं ते. एम.एस्सी. कशाला, हे त्यांना त्यानंतर विचारू दे.

अडलीस तर मला लिही. प्रश्नाचं उत्तर विचारू नकोस, तुझ्या कागदाचा फोटो पाठव आणि ज्या ओळीवर पेन्सिल थांबली तिथे खूण कर.